किर्लोस्करवाडी : एका कुटुंबाच्या कारखान्याची वाढ

फ्रीगंजातून देवास रस्त्यास लागले म्हणजे थोड्याच वेळात घरे विरळ होतात आणि दोन्ही अंगांस काळी जमीन सुरू होते. रब्बीच्या दिवसांत गव्हास पाणी चालू असते. विहिरीच्या काठी पंप असतो आणि त्या पंपाच्या अंगावर लोखंडाच्या ओतीव अक्षरांत एक नाव पुष्कळदा वाचावयास मिळते : किर्लोस्कर. आमच्या शाळेतील खेड्यांहून येणाऱ्या मुलांस ते पंपाचेच नाव वाटते. हे एका कुटुंबाचे आडनाव आहे असे वर्गात सांगितले, तेव्हा एका मुलाने मोठ्या आश्चर्याने विचारले, "म्हणजे सर, पंप नावाचा माणूस होता?" वर्ग हसला. परंतु तो प्रश्न आम्हांस अगदीच टाकाऊ वाटला नाही.

महोत्सवी स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी आमच्याकडे एखाद्या कुटुंबाने उभारलेल्या यंत्रकारखान्याची हकीकत मागितली, तेव्हा हेच नाव प्रथम सुचले. त्यास दुसरेही एक कारण आहे. आमचे आजोळ सांगली जिल्ह्यातील पलूसचे. किर्लोस्करवाडी तेथून हाकेच्या अंतरावर. सुटीत आजोळी गेलो की कारखान्याचा भोंगा कानी पडे आणि नाना (आमच्या आईचे वडील) त्यावर आपले जुने घड्याळ लावून घेत. पुढे वडिलांच्या नोकरीमुळे उज्जैन हेच आमचे गाव झाले. पण त्या भोंग्याची आठवण राहिली.

आणखी एक गोष्ट आरंभीच सांगून टाकतो, कारण हा लेख लिहिताना ती सतत मनात होती. आमचा एक विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी एका नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत नापास झाला. लेखी परीक्षेत उत्तम गुण होते, शरीर धडधाकट होते. परंतु ठिपक्यांच्या चित्रातील लाल-हिरवे आकडे त्यास वाचता आले नाहीत. आपल्या डोळ्यांत हा दोष आहे हे त्यास त्या दिवशीच कळले. तो घरी न जाता थेट आमच्याकडे आला. त्याच्या समाधानासाठी आम्ही त्यास लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. त्याने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाला, "सर, त्यांना भाऊ होता. मला कोण आहे?" या प्रश्नास आमच्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील वेदान्ताचे पंडित. मुलाने शास्त्र शिकावे ही घरची अपेक्षा, आणि मुलाचे चित्त चित्रांत नि चाकांत. १८८५ साली ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले. वडिलांची संमती नव्हती. खर्चाचा भार थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांनी उचलला. दोन वर्षे झाली नाहीत तोच कळले की लक्ष्मणास काही रंग ओळखता येत नाहीत. चित्रकारास यापरते दुर्दैव कोणते? पण रंग गेले तरी रेषा उरली होती. त्यांनी यंत्रांच्या रेखाटनाचा अभ्यास धरला आणि त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांस शिक्षकाची जागा मिळाली.

म्हणजे हा गृहस्थ आमच्याच पेशातला. शाळेची वेळ संपली की ते तेथील कर्मशाळेत जाऊन यंत्रे उघडून पाहत. मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. १८८८ साली दोघा भावांनी सायकलींचा व्यापार आरंभिला : लक्ष्मणरावांनी मुंबईत खरेदी करून बेळगावास पाठवावयाच्या, रामूअण्णांनी तेथे विकावयाच्या आणि घेणाऱ्यास त्या चालवावयास शिकवावयाचे. 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव या दुकानाचे. पुढे मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांस डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास ती देण्यात आली, आणि त्यांनी राजीनामा देऊन बेळगाव गाठले. तेथे छोटासा कारखाना काढला. पहिला माल म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र; त्यामागून लोखंडी नांगर.

या नांगराशी थोडे थांबले पाहिजे. आपला जुना लाकडी नांगर जमीन उकरतो, पण उलटवीत नाही. बैल पुढे जातात आणि मागे एक चर राहतो. चरालगतची माती जागच्या जागीच असते. हरळी किंवा कुंदा यांच्या मुळ्या त्याखाली खोल सुरक्षित राहतात आणि पाऊस पडला की पुन्हा डोके वर काढतात. आमच्या माळव्यात कांस हेच करतो. लोखंडी नांगराच्या फाळामागे एक वाकडा पत्रा असतो. फाळाने कापलेला मातीचा पट्टा त्या पत्र्यावर चढतो, वळतो आणि उलटा पडतो. खालची माती वर येते, मुळ्या उन्हात पडून वाळतात. सारी हिकमत त्या पत्र्याच्या वळणात आहे. वळण थोडे चुकले तर माती चिकटून बसते, अधिक चुकले तर बैलांच्या माना मोडतात.

फाळाची अडचण निराळी. नरम लोखंडाचा फाळ काळ्या जमिनीत पाहता पाहता झिजतो. कठीण करावा तर दगडावर आपटून तुकडे होतात. यावर ओतकामातील जुनी युक्ती अशी की, ज्या धारेस कठीणपणा हवा तेथे साच्यात वाळूऐवजी लोखंडाचा तुकडा बसवावयाचा. वितळलेला रस त्या थंड लोखंडास भिडताच एकदम गोठतो आणि तेवढाच भाग काचेसारखा कठीण होतो. बाकीचा फाळ वाळूत सावकाश निवतो म्हणून चिवट राहतो. असे असले तरी फाळ झिजावयाचाच. तो बदलता यावा, आणि बदली फाळ शेतकऱ्यास जवळपास मिळावा, ही व्यवस्था नांगराइतकीच महत्त्वाची ठरते.

इतके करून नांगर खपला काय? नाही. लोखंडाने जमिनीस विष बाधते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर विकले जावयास दोन वर्षे लागली. आज आपणांस हा समज हास्यास्पद वाटतो. परंतु आमचे नाना सांगत की त्यांच्या वडिलांनीही प्रथम शेजाऱ्याचा नांगर मागून घेऊन, बांधाकडेच्या पडीक तुकड्यावरच तो चालविला, आणि त्या तुकड्यातील पीक मळणीस आल्यावर मग चावडीवर त्याविषयी तोंड उघडले. ज्याच्या घरात वर्षास एकच पीक येते त्याने नव्या वस्तूचा प्रयोग सबंध शेतावर का करावा? चुकले तर वर्ष गेले. कारखानदारास दोन वर्षे धीर धरावा लागला हे खरे. पण शेतकऱ्यासही धोका होता, आणि तो त्याच्या लेकरांच्या ताटातला होता.

धंदा बसतो न बसतो तोच बेळगावच्या नगरपालिकेने वस्ती वाढविण्याकरिता कारखान्याची जागा मागितली. ठिकाण गेले. त्या सुमारास लक्ष्मणराव औंध संस्थानात यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचे काम करीत होते. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी नुकतेच गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार. त्यांनी सांगितले की आमच्या संस्थानात हवी ती जागा निवडा. वर दहा हजार रुपये कर्ज दिले. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्टेशनाशेजारचे ३२ एकरांचे माळरान पसंत केले. मार्च १९१० मध्ये काही कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन ते तेथे उतरले. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट, प्यावयाच्या पाण्याची वाण. असले रान का निवडले, याचे उत्तर त्या स्टेशनात आहे. कच्चे लोखंड नि कोळसा आणणे आणि नांगर बाहेर धाडणे हे आगगाडीवाचून शक्य नव्हते. निवडुंग तोडता येतो, रूळ आणता येत नाहीत. (लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी पुढे आत्मचरित्र लिहिले, त्याचे नाव 'कॅक्टस अँड रोझेस'. त्यातील पहिला शब्द कोठून आला हे त्या माळाकडे पाहून कळते.)

या वसाहतीतील माणसे पाहण्यासारखी होती. आम्ही शिक्षक असल्यामुळे आम्हांस त्यांचे विशेष वाटते. वसाहतीची आखणी केली रामूअण्णांनी, ज्यांचे अभ्यासात कधी फारसे चालले नव्हते. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले. तेथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आले. शंभोराव जांभेकर पडेल ते काम अंगावर घेत. रात्रीच्या पहाऱ्यास ठेविले होते दरोड्याच्या गुन्ह्याखाली शिक्षा भोगून आलेल्यांना, आणि त्यांच्या पहाऱ्यावर सारी वसाहत निर्धास्त झोपे. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही असा लक्ष्मणरावांचा नियम होता. ज्या माणसांस शाळेने, समाजाने अथवा सरकारने नापास ठरविले होते त्यांतलीच कित्येक येथे पास झाली. आमच्या निकालपत्रकांवर आम्ही सह्या करतो तेव्हा फळणीकरांची आठवण करणे आमच्या हिताचे आहे.

पहिले महायुद्ध पेटले आणि विलायती लोखंड येईनासे झाले. कोल्हापूरचे शाहू छत्रपती यांनी किल्ल्यावरील निकामी तोफा वितळविण्यासाठी दिल्या, आणि तोफांचे नांगर झाले. युद्ध संपल्यावर धंदा एवढा वाढला की भावाभावांच्या भागीदारीत तो मावेना. १५ जानेवारी १९२० रोजी 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही कंपनी नोंदविण्यात आली. त्याच वर्षी मालाची माहिती लोकांस व्हावी म्हणून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले. त्याचे संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर हे लक्ष्मणरावांचे पुतणे. खबरेचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' यांची भर पडली. या मासिकांचा महाराष्ट्राच्या विचारांवर जो परिणाम झाला तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. नांगर विकण्यासाठी काढलेल्या पत्रकातून एवढे निघावे, ही मौज मात्र नमूद केलीच पाहिजे.

आता पंप. १९२६ साली किर्लोस्करवाडीस पंप तयार झाला. तोपर्यंत विहिरीवर मोट होती, जीस इकडे चडस म्हणतात : एक कातडी पखाल, बैलांची जोडी, उतरती धाव आणि दिवसभर मागे-पुढे चालणारा माणूस. पंपाने ही जागा घेतली. पंप पाणी 'ओढतो' असे आपण म्हणतो, परंतु ते बरोबर नाही, आणि आमच्या विज्ञानाच्या तासाला ही चूक आम्ही दरवर्षी खोडतो. पंपाच्या पोटात एक पंखा असतो. तो जोराने फिरला की आतील पाणी कडेकडे फेकले जाते आणि गोलाकार पोटातून वरच्या नळात चढते. मध्यभागी दाब कमी होतो. विहिरीतील पाण्यावर मात्र बाहेरच्या हवेचा दाब असतोच; तो दाब पाण्यास खालच्या नळातून वर ढकलतो. ओढणारा कोणी नाही. ढकलणारी आहे ती हवा.

म्हणूनच पंप सुरू करण्यापूर्वी तो पाण्याने भरावा लागतो. पंखा नुसता हवेत फिरला तर हवा हलकी असल्याने ती पुरेशी फेकली जात नाही आणि दाब उतरत नाही. भरलेले पाणी निसटू नये म्हणून नळाच्या तळाशी फुटव्हॉल्व्ह बसवितात. आणि हवेचे बळ अपार नाही. हिशेबाने ती पाणी सुमारे १० मीटर चढवील. प्रत्यक्षात ६-७ मीटरांच्या पुढे भरवसा धरू नये. पाणी खोल गेले की शेतकरी पंपास शिव्या देतो. त्याऐवजी पंप विहिरीत खाली उतरवून बसविला तर काम होते. आपल्या क्षिप्रेत २०१४ पासून नर्मदेचे पाणी येते ते पंपांनीच चढवून, हे सभासदांस ठाऊक आहेच. तेथे पाणी टप्प्याटप्प्यांनी वर नेले जाते. परंतु प्रत्येक टप्प्यावर अखेर फेकणाऱ्या पंख्याचेच काम असते.

पंप झाला, पण त्यास फिरविणार कोण? बैल तर नाहीतच. तेव्हा तेलावर चालणारे इंजिन हवे, जेथे वीज आहे तेथे मोटर हवी, आणि हे सारे घडविण्यास उत्तम लेथ हवेत. कारखान्याची पुढील वाढ या एका गरजेच्या साखळीने झाली. शंतनुराव १९२६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून पदवी घेऊन आले होते. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहर येथे लेथचा कारखाना निघाला. १९४६ मध्ये पुण्यास खडकी येथे ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटरींचा. हौसेने चार धंदे पसरणे वेगळे आणि एका धंद्याने दुसरा मागून घेणे वेगळे, असे आमचे मत आहे.

१९४८ च्या जानेवारीअखेर महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता, म्हणून महाराष्ट्रात ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीवरही गेला, आणि जेथे जातपात मानावयाची नाही असा नियम होता त्या वसाहतीत आग लागली. कारखान्याचा भाग जळाला. नाना त्या वेळी लहान होते. रात्री आभाळ लाल दिसले आणि घरात कोणी जेवले नाही, एवढेच ते सांगत. अधिक विचारले की गप्प होत. गुन्हा एकाचा आणि शिक्षा त्याच्या जातीच्या नि नावाच्या सगळ्यांस, हा हिशेब आम्हांसही अपरिचित नाही. म्हणून त्यांचे गप्प होणे आम्हांस समजे. जळाले ते पुन्हा बांधले गेले. भोंगा पुन्हा वाजू लागला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. शंतनुरावांस १९६५ मध्ये पद्मभूषण मिळाले. ते १९९४ मध्ये निवर्तले. नंतरचा इतिहास सारा गोड नाही. हरिहरचा लेथचा कारखाना या शतकाच्या आरंभी बंद पडला. २००९ साली कुटुंबात झालेल्या कराराच्या अर्थावरून भावाभावांत वाद झाला, तो न्यायालयांत गेला आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचविला. ज्या घराची पहिली पाटीच 'ब्रदर्स' अशी होती, तेथे हे व्हावे याचे वाईट वाटते. दोष कोणाचा हे ठरविणे आमचे काम नव्हे. एवढे म्हणता येईल की रामूअण्णा लक्ष्मणास पैसे पाठवीत तेव्हा त्यांच्यात वाटून घेण्यासारखे काहीच नव्हते.

आणि याच काळात, २०१८ च्या जून-जुलैत, थायलंडमधील थाम लुआंग गुहेत १२ मुले नि त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्यामुळे अडकले, तेव्हा गुहेतील पाणी उपसण्याच्या कामी सल्ला देण्यासाठी किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ गेले होते. सर्व मुले जिवंत बाहेर आली. वर्गात आम्ही ही बातमी वाचून दाखविली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजविल्या होत्या.

या कंपनीचा एक कारखाना आपल्या देवासला आहे, आणि तोही उज्जैन रस्त्यावर. आम्ही त्या विद्यार्थ्यास घेऊन एकदा त्या बाजूस गेलो होतो. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसलो. पाळी सुटली, माणसे डबे घेऊन बाहेर पडू लागली. तो बराच वेळ पाहत राहिला. त्याच्या आजोबांनी उज्जैनच्या कापडगिरणीत उमर काढली. गिरणी बंद पडली आणि हक्काच्या पैशांसाठी ते वर्षानुवर्षे हेलपाटे घालीत राहिले. "पोराने काहीही करावे, कारखान्याचे नाव काढू नये," असे ते म्हणतात. लोखंडाने जमिनीस विष बाधते म्हणणाऱ्या शेतकऱ्यापेक्षा त्यांच्या म्हणण्यास अधिक आधार आहे, आणि त्यांच्यापुढे किर्लोस्करांची गोष्ट सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

मुलगा मात्र आता मक्सी रस्त्यावरील एका लहान कर्मशाळेत लेथवर काम करतो. पंपांचे झिजलेले दांडे नवे करून देणे हे त्याचे मुख्य काम. रेखाटन त्याचे शाळेपासून चांगले. मालक आता मोजमापे त्याच्याकडेच सोपवितात. एक जुना लेथ विकावयास निघाला आहे आणि तो त्यास घ्यावयाचा आहे. आपल्या ट्रस्टची मदत आजवर शाळा-कॉलेजच्या फीसाठी दिली गेली, अवजारांसाठी नाही, हे आम्ही जाणतो. तरी त्याने अर्ज केला आहे. तो येत्या बैठकीत कार्यकारिणीपुढे येईल. जामीनदाराच्या जागी सही आमची आहे, आणि आजोबांनी दोन दिवस विचार करून तिच्याखाली आपला अंगठा उठविला आहे.